न बोलावलेला मदतनीस



तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी आज मोबाइल फोन आहे. काहींच्या शाळेत संगणकही आहेत. या दोन्ही यंत्रांत गेल्या काही वर्षांत एक नवा मदतनीस येऊन बसला आहे. तुम्ही निरोप लिहू लागलात की तो पुढचा शब्द सुचवतो. पत्र आले की तो त्याचा सारांश सांगतो. निबंधाचा विषय दिला की तो अख्खा निबंध लिहून देतो. मराठीत याला 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हणतात. उर्दूत तुम्ही याला 'मसनूई जहानत' म्हणता.

हा मदतनीस चांगला की वाईट, असा वाद मी आज तुमच्याशी घालणार नाही. तो हुशार आहे, हे मान्यच आहे. मला तुम्हांला वेगळेच काही विचारायचे आहे. त्याला बोलावले कोणी? आणि तो नको असेल तेव्हा 'बाबा रे, थोडा वेळ बाहेर बस' असे त्याला सांगता येते का?

हा प्रश्न मला का पडला, ते कळण्यासाठी माझ्या वडिलांविषयी थोडे सांगायला हवे. माझे वडील कातिब होते. मालेगावात उर्दू साप्ताहिकांचे आणि पुस्तकांचे लेखन ते हाताने करीत. तेव्हा उर्दू मजकूर यंत्रावर जुळवणे फार कठीण होते. नस्तालीक लिपीतील अक्षरे एकमेकांत गुंफली जातात आणि तिरकी उतरतात. म्हणून लेखकाने मजकूर लिहून द्यायचा, कातिबाने तो सुंदर अक्षरांत उतरवायचा आणि मग त्यावरून छपाई व्हायची, अशी रीत होती. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी तयार केलेली 'नूरी नस्तालीक' ही अक्षरे यंत्रावर आली. १९९४ च्या सुमारास 'इनपेज' नावाची प्रणाली आली आणि उर्दू वर्तमानपत्रे संगणकावर तयार होऊ लागली. कातिबांचे काम हळूहळू संपत गेले.

लेखकाने दिलेल्या कच्च्या मजकुराला उर्दूत 'मुसव्वदा' म्हणतात. मराठीतला 'मसुदा' हा शब्द त्यावरूनच आला आहे. अब्बांसमोर रोज असे मसुदे येत. त्यांतला एखादा शब्द त्यांना चुकीचा वाटे. हातात बोरू, समोर कोरा कागद आणि विचारणारे कोणी नाही! तो शब्द बदलून टाकणे त्यांना किती सोपे होते! पण ते तसे करीत नसत. ते समासात शिसपेन्सिलीने बारीक खूण करीत आणि एखाद्या मुलाला लेखकाकडे पाठवीत. 'हाच शब्द हवा आहे ना, एवढे विचारून ये,' असे सांगत. लेखकाने 'होय' म्हटले की तोच शब्द कागदावर उतरे. अब्बा म्हणत, "हर्फ मेरा, लफ्ज उनका." म्हणजे अक्षर माझे, पण शब्द त्यांचा.

कातिबांच्या हातून चुका होत नसत असे मुळीच नाही. त्यांच्या चुकांवर उर्दूत कितीतरी विनोद आहेत. पण चांगला कातिब लेखकाचा शब्द न विचारता बदलत नसे. तो शब्द त्याच्याकडे अमानत म्हणून आलेला असे.

संगणकात आगंतुक मदतनीस येण्याची ही पहिलीच वेळ नाही. १९९७ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'ऑफिस' या प्रणालीत कागदाला लावायच्या तारेच्या क्लिपचे एक चित्र आले. त्याला मोठे डोळे होते. लोक त्याला 'क्लिपी' म्हणत. तुम्ही पत्राचा मायना लिहिला की ते पडद्यावर उडी मारून येई आणि 'तुम्ही पत्र लिहीत आहात असे दिसते, मदत हवी का?' अशा अर्थाचे काही विचारी. एकदा विचारले तर गंमत वाटे. दहाव्यांदा विचारले की राग येई. लोक इतके कंटाळले की २००१ च्या आवृत्तीत कंपनीने ते आपणहून बंद ठेवले. ज्याला हवे त्याने चालू करावे, असे ठरले. २००७ च्या आवृत्तीतून तर ते पार गेले.

क्लिपीला फारसे काही येत नव्हते. त्यामुळे त्याला घालवणे सोपे होते. आजचा मदतनीस मात्र पुष्कळ शिकलेला आहे आणि तो एका दाराने आलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज संगणकांच्या कळफलकावर 'कोपायलट' या मदतनीसासाठी वेगळी कळ आणली. १९९४ साली 'विंडोज' कळ आली होती. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी कळफलकात झालेला हा मोठा बदल होता. जून २०२४ मध्ये 'मेटा एआय' हा मदतनीस भारतात व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राममध्ये आला. व्हॉट्सॲप उघडल्यावर दिसणारे निळसर वर्तुळ तुम्ही पाहिलेच असेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपल कंपनीच्या काही आयफोनांत 'ॲपल इंटेलिजन्स' आली. सुरुवातीला ती ज्याला हवी त्याने मागून घ्यायची होती. जानेवारी २०२५ च्या आवृत्तीपासून मात्र ज्या फोनांत ती चालते, त्यांत ती आपोआप चालू होऊ लागली. नको असेल तर बंद करण्याचे काम माणसाकडे आले.

तुम्ही म्हणाल, "टीचर, नको असेल तर बंद करावे. त्यात एवढे काय?"

खरे आहे. पण माणसाचा स्वभाव कसा असतो ते पाहा. जर्मनी आणि ऑस्ट्रिया हे शेजारी देश आहेत. दोन्हीकडे लोक जर्मन भाषा बोलतात. मृत्यूनंतर अवयवदान करायचे की नाही, याविषयी दोन्ही देशांत वेगळे नियम होते. जर्मनीत ज्याला दान करायचे असेल त्याने तसे कळवायचे. ऑस्ट्रियात प्रत्येकाची संमती आहे असेच धरायचे आणि ज्याला नको असेल त्याने तसे कळवायचे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या देशांची तुलना केलेली आहे. जर्मनीत संमती देणारे सुमारे १२ टक्के होते. ऑस्ट्रियात ते प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर होते. शेजारी शेजारी राहणाऱ्या लोकांच्या मनांत एवढा फरक असेल का? फरक अर्जात होता. समोर जे आधीच ठरवून ठेवलेले असते, ते बहुतेक माणसे तसेच राहू देतात.

अवयवदान हे पुण्याचे काम आहे. तेथे अशा नियमाने लोकांचे भले होत असेल. पण हीच युक्ती व्यापारातही चालते आणि व्यापाऱ्यांना तिची किंमत पक्की ठाऊक असते. आयफोनमध्ये काही शोधले की उत्तर आपोआप गूगलवरून यावे, यासाठी गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले. अमेरिकेतील एका खटल्याच्या कागदपत्रांतून ही रक्कम बाहेर आली. गूगल बदलून दुसरी सेवा घेण्याची सोय फोनमध्ये होतीच. पण बहुतेक लोक ती वापरणार नाहीत, याचीच ही किंमत होती. म्हणून मित्रांनो, 'बंद करण्याची सोय आहे' आणि 'निवड तुमची आहे' ही दोन वाक्ये एकच आहेत असे समजू नका.

आता हा मदतनीस काम कसा करतो, ते थोडक्यात समजून घेऊ. त्याने अफाट मजकूर वाचलेला असतो. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द बहुधा येतो, हे तो त्यातून शिकतो. तुम्ही दोन शब्द लिहिले की तिसरा शब्द कोणता असण्याचा संभव अधिक आहे, याचा तो हिशेब करतो. तुमच्या मनात काय आहे ते त्याला कळत नाही. पुष्कळ लोकांनी पुष्कळ वेळा काय लिहिले आहे, ते त्याला कळते. ज्या लोकांचे लेखन त्याने जास्त वाचले, त्यांच्यासारखे तो बोलतो. हे लेखन मोठ्या प्रमाणावर इंग्रजीतले आणि पाश्चात्त्य देशांतले आहे.

याचा परिणाम काय होतो? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी भारतातील आणि अमेरिकेतील मिळून ११८ जणांना इंग्रजीत छोटे लेख लिहायला सांगितले. विषय साधे होते. आवडता पदार्थ, आवडता सण, असे. काहींना यंत्राच्या सूचना मिळत होत्या, काहींना नव्हत्या. आवडत्या पदार्थासाठी यंत्र पिझ्झा सुचवी. आवडत्या सणासाठी नाताळ सुचवी. शाहरुख खानचे नाव लिहिण्यासाठी कोणी 'एस' हे अक्षर टंकले तर यंत्र अमेरिकेतल्या प्रसिद्ध व्यक्तींची नावे पुढे करी. यंत्राच्या मदतीने भारतीयांनी लिहिलेले लेख अमेरिकनांच्या लेखांसारखे दिसू लागले. गंमत म्हणजे वेळेची बचतही भारतीयांना कमी झाली, कारण सुचवलेले शब्द दुरुस्त करीत बसावे लागले.

पिझ्झाही छान लागतो आणि नाताळही आनंदाचा सण आहे. पण ज्याच्या घरी ईदला शीरखुर्मा होतो, त्याने आपल्या आवडत्या सणाविषयी लिहिताना यंत्राचे ऐकून दुसरेच का लिहावे?

मला स्वतःला आलेला एक अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी माझी खाला वारली. लहानपणी मी तिच्याच घरी जास्त वाढले. बातमी आली तेव्हा मी शाळेत निघण्याच्या तयारीत होते. रजा हवी होती म्हणून माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंना मी घाईघाईने मराठीत निरोप लिहिला: 'माझी खाला वारली. आज येत नाही.' फोनने 'खाला' हा शब्द चुकीचा ठरवला आणि त्या जागी 'खाली' असे लिहून टाकले. बाईंना निरोप मिळाला तो असा: 'माझी खाली वारली.' त्यांनी घाबरून लगेच फोन केला. "अहो, कोण गेले? नीट सांगा," असे त्या विचारू लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी होते आणि मी त्यांना शब्दाचा अर्थ समजावून सांगत होते.

कोणी म्हणेल, 'मावशी' असे लिहायचे होते. मावशी हा शब्द मला येतो. तो गोड शब्द आहे. तुम्हांलाही मी तो शिकवते. पण ती माझी खाला होती. आयुष्यभर मी तिला त्याच नावाने हाक मारली. तिच्या मृत्यूच्या दिवशी माझ्या फोनने तो शब्द खोडून टाकला आणि मला विचारलेही नाही. माझे अब्बा तर एखाद्या अनोळखी कवीचा शब्दही विचारल्याशिवाय बदलत नसत. त्याच संध्याकाळी मी शब्द आपोआप बदलण्याची सोय बंद केली. आता माझ्या निरोपात शुद्धलेखनाची एखादी चूक राहते. पण शब्द माझेच असतात.

बातम्यांच्या बाबतीतही असे घडले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ॲपलच्या मदतनीसाने बीबीसी या वृत्तसंस्थेच्या बातम्यांचा सारांश करताना, अमेरिकेतील एका आरोपीने स्वतःवर गोळी झाडून घेतली असे लिहिले. तसे काही घडलेच नव्हते आणि बीबीसीने तसे म्हटलेही नव्हते. पण खोटी ओळ बीबीसीच्या नावाखाली दिसली. बीबीसीने तक्रार केली. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने बातम्यांचे सारांश तात्पुरते थांबवले. सारांश वाचून ज्यांनी फोन खिशात ठेवला, त्यांच्या मनात मात्र ती खोटी बातमी राहून गेली असेल.

मुलांनो, तुमच्या बाबतीत मला याहून मोठी काळजी वाटते. तुम्ही अजून शिकत आहात. घरी तुम्ही उर्दू बोलता, बाजारात मराठी ऐकता, पुस्तकांत इंग्रजी वाचता. तीन भाषांचे ओझे आहे, असे कोणी म्हणतात. मी म्हणते, तीन भाषांची दौलत आहे. पण ती कष्टाने कमवावी लागते. मराठीत 'दूध' नपुंसकलिंगी आहे आणि उर्दूत पुल्लिंगी आहे. म्हणून 'दूध सांडला' लिहावे की 'दूध सांडले', असा प्रश्न तुम्हांला पडतो. हा प्रश्न पडणे, थोडे अडखळणे, मग विचारणे आणि पुढच्या वेळी बरोबर लिहिणे, यालाच शिकणे म्हणतात. मीही अशीच मराठी शिकले. प्रश्न पडण्याआधीच यंत्राने 'सांडले' लिहून दिले, तर कागद बरोबर होईल. पण तुमच्या डोक्यात काय राहील?

गेल्या वर्षी मी वर्गाला 'माझा आवडता सण' हा निबंध दिला. एका मुलाने फोनकडून लिहून आणला. त्यात एकही चूक नव्हती. 'हा सण प्रेम, त्याग आणि बंधुभावाचा संदेश देतो' असे त्यात होते. हे वाक्य ईदला लागू पडते, दिवाळीला लागू पडते आणि नाताळलाही लागू पडते. दुसऱ्या एका मुलीने स्वतः लिहिले. तिच्या निबंधात सात चुका होत्या. पण तिने लिहिले होते: 'ईदच्या दिवशी आमच्या गल्लीतले सगळे माग बंद असतात. आवाज नसतो म्हणून मला पहाटेच जाग येते.'

मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. ज्या मुलीला त्या आवाजात झोपण्याची सवय आहे, तिलाच शांततेने जाग येईल. हे वाक्य कोणतेही यंत्र तिला सुचवू शकले नसते, कारण ते यापूर्वी कोणी लिहिलेलेच नव्हते. सात चुका मी लाल शाईने दुरुस्त केल्या. त्या पुढच्या परीक्षेपर्यंत कमी होतील. पण त्या मुलाच्या निर्दोष निबंधात मी काय दुरुस्त करणार? त्यात तो नव्हताच.

याचा अर्थ सगळे बंद करून टाका, असे मी सांगत नाही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला फोन मजकूर वाचून दाखवतो. ही फार मोठी सोय आहे. ज्याला लिहिताना हाताचा त्रास होतो, तो बोलून लिहू शकतो. परमुलखात गेल्यावर दुकानाची पाटी वाचायला भाषांतराची मदत होते. ज्यांच्या उपयोगाची गोष्ट आहे त्यांनी ती जरूर वापरावी. आपल्याकडे म्हण आहे, 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे.' यंत्राचेही ऐकावे. पण कधी ऐकायचे आणि कधी नाही, हे आपण ठरवावे.

मग बंद कसे करायचे? फोनाफोनांत थोडा फरक असतो, पण रस्ता साधारण एकच आहे. 'सेटिंग्ज' म्हणून दातेरी चाकाचे चित्र असते, तेथून सुरुवात करायची.

अँड्रॉइड फोनवर गूगलचा कळफलक असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये शब्दांच्या दुरुस्तीचा भाग असतो. तेथे शब्द आपोआप बदलण्याची सोय आणि वरची सूचनांची पट्टी, दोन्ही वेगवेगळ्या बंद करता येतात. एक ठेवून दुसरी घालवता येते. आयफोनमध्ये 'जनरल' आणि मग 'कीबोर्ड' येथे अशाच सोयी आहेत. 'ॲपल इंटेलिजन्स' बंद करण्यासाठी सेटिंग्जमध्ये त्याच नावाचा भाग उघडून तिथले बटण बंद करावे. संगणकावर 'कोपायलट' हे इतर प्रणालींसारखेच काढून टाकता येते. 'वर्ड'मध्ये कोपायलट असेल तर 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'कोपायलट' येथे जाऊन त्याच्या चौकटीतील खूण पुसावी. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'स्मार्ट फीचर्स' नावाची चौकट आहे. ती बंद केली की पत्रे वेगवेगळ्या कप्प्यांत लावण्यासारख्या काही उपयोगी सोयीही तिच्याबरोबर जातात. तेव्हा नीट वाचून ठरवावे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, फोनची नवी आवृत्ती आली की सेटिंग्ज पुन्हा एकदा पाहा. बंद केलेले दार कधीकधी उघडे सापडते, किंवा शेजारी नवेच दार झालेले असते. दुसरी, फोन आईवडिलांचा असेल तर त्यांना विचारूनच हात लावा. त्यांना कदाचित ती सोय हवी असेल. न विचारता बंद करणे आणि न विचारता चालू करणे, दोन्ही सारखेच.

काही ठिकाणी मात्र बटणच नसते. व्हॉट्सॲपमधील ते वर्तुळ काढून टाकता येत नाही, अशी तक्रार २०२५ साली अनेक देशांतील लोकांनी केली. वापरायचे की नाही ते तुमच्या मर्जीवर आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. तुम्ही त्या मदतनीसाशी बोलला नाहीत, तर तुमचे खाजगी निरोप तो वाचत नाही, हेही कंपनीने सांगितले. तरी नको असलेली वस्तू कायम डोळ्यांसमोर ठेवणे लोकांना पटले नाही. एप्रिल २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने एखाद्या संभाषणापुरती अधिक खाजगीपणाची सोय दिली. ती चालू केली की त्या संभाषणातील निरोप मेटाच्या मदतनीसाकडे नेता येत नाहीत.

लोक बोलले की कंपन्यांना ऐकावे लागते. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली. संगणकाच्या पडद्यावर जे काही दिसेल त्याची चित्रे ती दर थोड्या सेकंदांनी टिपून ठेवणार होती, म्हणजे नंतर काहीही शोधता यावे. जाणकारांनी विचारले, त्यात कोणाचा परवलीचा शब्द असेल, कोणाच्या आजाराचे कागद असतील, त्यांचे काय? ओरड झाली. जून २०२४ मध्ये कंपनीने ठरवले की ही सोय मुळात बंदच राहील आणि ज्याला हवी तोच ती चालू करील. त्यानंतरही ती लगेच बाहेर आली नाही. एप्रिल २०२५ मध्ये आली.

आपल्या देशातही ही गोष्ट हक्काची मानली गेली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवून निवड करायला लावणाऱ्या १३ युक्त्यांना मनाई केली. सतत तेच तेच विचारून भंडावून सोडणे, ही त्यांतलीच एक युक्ती आहे. हे नियम उद्या तुम्हांला उपयोगी पडतील. तुम्ही मोठे होऊन कदाचित अशी यंत्रे बनवाल, विकाल किंवा त्यांच्यावर नियम कराल. तेव्हा परवानगी आधी विचारा आणि काम नंतर करा.

'परवानगी' आणि 'मर्जी' हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले आणि तुमच्या उर्दूतही ते आहेत. दोन्ही भाषांत त्यांचा अर्थ तुम्हांला सांगावा लागत नाही. यंत्राला मात्र तो आपणच शिकवायचा आहे.

आज एक छोटासा अभ्यास देते. घरच्यांना विचारून फोनवरची सूचनांची पट्टी बंद करा. मग लांब राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला दहा ओळींचे पत्र लिहा. आजोबांना, फूफीला, खालाला, कोणालाही चालेल. मराठीत लिहा किंवा उर्दूत लिहा. अडलात तर शब्दकोश पाहा, आईला विचारा, शिक्षकांना विचारा. वेळ लागेल, पण घाई करू नका. पत्र पुरे झाले की ते एकदा मोठ्याने वाचा आणि त्यातले कोणते वाक्य तुमच्याशिवाय दुसरे कोणी लिहू शकले नसते, ते शोधा. त्यानंतर वाटले तर पट्टी पुन्हा चालू करा. पण तेव्हा ती तुम्ही चालू केलेली असेल.